जिवंत बाईचा फ्लेक्स

"हे बाहेरच्या खांबावरून उडून आत आलं का?"

पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी माझ्या फ्लेक्ससमोर उभं राहून विचारलं. हातातला चहाचा कप त्यांनी माझ्या वहीवर ठेवला. वर्ग हसला. सकाळपासून एकेकाचं काम सोलून निघत होतं, सगळे ताणात होते, आणि आता कुणावर तरी बिनधोक हसता येणार होतं.

लातूरच्या एका खासगी कला महाविद्यालयात माझं शेवटचं वर्ष होतं. ग्राफिक डिझाइनचा अंतिम प्रकल्प. विषय 'ओळख'. आपल्या भागातल्या एका व्यक्तीची किंवा व्यवसायाची दृश्य ओळख तयार करायची. या एका प्रकल्पावर पदवी अडलेली. वर्गातल्या निम्म्या मुलांनी कॉफीच्या दुकानाची ओळख केली होती. कप, पिशव्या, पाटी, मेनू. सगळं मातकट रंगात आणि सगळी अक्षरं इंग्रजी. चाकूर, औसा, अहमदपूरची मुलं ती. एसटी स्टँडवरच्या चहावर वाढलेली. परीक्षक त्या कपांपुढे बराच वेळ रमले. मग माझ्यापर्यंत आले.

माझं काम दहा फूट बाय सहा फूट होतं. फ्लेक्सच. मुद्दाम फ्लेक्स. मधोमध एका बाईचा चेहरा, एखाद्या आमदाराचा असतो तेवढा. मागे प्रकाशाचं वलय नाही. गालावरचे वांग पुसलेले नाहीत. वर जिथे पक्षाच्या मोठ्या नेत्यांचे गोल फोटो असतात तिथे तिची हत्यारं: हातोडी, पंच, सोल्युशनचा डबा, पितळी रिंगा. खाली तिचं नाव, गाव, काम. शुभेच्छुकांची ओळ मोकळी.

"सर, काय आहे," विभागप्रमुख पुढे झाले, "या मुलांना प्रवेश सवलतीत मिळतो. दृष्टी काही सवलतीत मिळत नाही. आपण प्रयत्न करतो आपल्या परीनं."

आवाज अगदी दुःखी होता. रोग्याच्या नातेवाइकांशी डॉक्टर बोलतात तसा. पहिल्या वर्षी पहिल्या दिवशी त्यांनी मला आडनाव विचारलं होतं, मग गाव, मग गावात घर कुठं ते. तिसऱ्या उत्तरानंतर ते फक्त "अच्छा" म्हणाले. तो "अच्छा" चार वर्षं पुरला.

परीक्षकांनी कप उचलला. निघता निघता विचारलं, "या बाई कोण?"

"माझी आई."

ते थांबले. कप परत खाली ठेवला. चेहरा बदलला.

"ओह. कधी गेल्या?"

इथे थोडं सांगायला हवं. आमच्याकडे फ्लेक्सवर चारच प्रकारचे चेहरे लागतात. देव. पुढारी. लातुरात असाल तर डॉक्टरकीला लागलेली पोरं, गुणांसकट. आणि मेलेली माणसं. त्यातही साधी बाई, म्हणजे जी देव नाही, सरपंच नाही, परीक्षेत पहिली नाही, ती फ्लेक्सवर आयुष्यात एकदाच येते. आयुष्य संपल्यावर. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'शोकाकुल'. त्यामुळे परीक्षकांनी विचारलं त्यात त्यांचा फार दोष नव्हता. पुण्याहून येताना रस्त्यात त्यांना तसे दहा-बारा तरी दिसले असणार.

वर्गात हसू थांबलं होतं. मागच्या बाकावरची दोन मुलं उभी राहिली. विभागप्रमुखांनी हात पुढे बांधले. नुसत्या एका प्रश्नानं सगळं बदललं. दोन मिनिटांपूर्वी जो चेहरा खांबावरचा कचरा होता त्याच्यासमोर आता माणसं सरळ उभी होती.

मला "नाही सर, ती हदगावला आहे, कामावर" एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणाले, "मागच्या वर्षी, सर."

त्यांनी मान खाली घातली. "फार हृद्य काम आहे," म्हणाले. शेऱ्याच्या कागदावरही तेच लिहिलं. मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण दिले.

तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते. त्या वेळी माझी आई हदगावला फ्लेक्सच्या दुकानात जमिनीवर मांडी घालून कुणाच्या तरी वाढदिवसाला रिंगा ठोकत होती.

तिचं काम असं. यंत्रातून फ्लेक्स छापून निघाला की त्याच्या चारी कडा आत दुमडायच्या, सोल्युशन लावून चिकटवायच्या, मग दर दोन फुटांवर पंचनं भोक पाडून पितळी रिंग ठोकायची. त्या रिंगेतून दोरी जाते आणि साहेब खांबावर चढतात. आईला तालुक्यातले सगळे पुढारी माहीत आहेत, पण कडेचे जास्त. मधल्या माणसाशी तिचा संबंध येत नाही. कडेला शुभेच्छुक असतात. एकदा एका शुभेच्छुकाचा कान दुमडीत गेला. तो स्वतः फ्लेक्स घेऊन दुकानात आला.

"माझा कान कुठं हाय?" त्यानं आईला विचारलं.

"हाय की आतल्या अंगाला," आई म्हणाली. "ऐकायला येतंय न्हवं?"

मालक तिला ओरडला, पण गिऱ्हाईक गेल्यावर हसलाही.

वडील पेंटर होते. हदगाव, हिमायतनगर भागातल्या दुकानांच्या पाट्या त्यांनी रंगवल्या. फ्लेक्स आला आणि ब्रश वाळले. वडील आता नांदेडला एका अपार्टमेंटच्या गेटवर वॉचमन आहेत. फ्लेक्सच्या दुकानात कामाला जाण्यापेक्षा त्यांनी ते पत्करलं. आईनं तसा ताठा धरला नाही. तिला घर चालवायचं होतं.

प्रकल्पाची कल्पना मला ग्रंथालयात सुचली. आमच्या ग्रंथालयात माणसं झोपायला यायची, त्यामुळे पुस्तकं चांगल्या अवस्थेत होती. जुन्या चित्रांची जाडजूड पुस्तकं मी तीन वर्षांत सगळी पाहिली. राजे, सरदार, त्यांच्या बायका, त्यांचे घोडे, त्यांची कुत्रीसुद्धा. चित्रकाराचं नाव कधी असतं, कधी नसतं. रंग घोटणारा कुठेच नाही. मला वाटलं, फ्लेक्स म्हणजे आमच्याकडचं दरबारी चित्र. कुणाचं डोकं किती मोठं, कोण कुणाच्या वर, कोण गोलात, कोण चौकोनात, सगळं ठरलेलं. मग त्याच मांडणीत आईला मधे बसवायचं. दुसरं काही करायचंच नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिला फोटोसाठी विचारलं.

"मला कशाला लावतीस फ्लेक्सवर? मी काय मेले का?"

"मेल्यावरच लावतेत असं कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला लागतंय. मीच ठोकते की रिंगा."

दोन दिवस मी तिच्या मागे लागले. म्हटलं, हा जिवंत माणसाचा फ्लेक्स आहे. तुझं काम त्याच्यावर आहे. लोक तुझं काम बघतील. तिसऱ्या दिवशी ती दुकानातून आली, हातपाय धुतले, दारात उजेडाला बसली.

"काढ मग. पण तोंड गोरं करू नको. दुकानात सगळ्यायला गोरं करून राहिलेत, एक बी वळखू येत न्हाई."

मी तिला शब्द दिला होता. हे मुद्दाम लिहून ठेवते.

परीक्षा सोमवारी झाली. शनिवारी प्रदर्शन. मधले पाच दिवस मी मेलेल्या आईची मुलगी होते. कॉलेजच्या चार वर्षांतले सगळ्यांत मानाचे पाच दिवस. ज्या मुलींनी कधी माझ्या डब्याकडे पाहिलं नव्हतं त्या कॅन्टीनमध्ये माझ्याशेजारी जागा धरायला लागल्या. एकीनं स्वतःच्या डब्यातली पोळी माझ्या ताटात वाढली. विभागप्रमुखांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. चार वर्षांत पहिल्यांदा. "तू बोलली नाहीस कधी," म्हणाले. "आम्ही काय परके आहोत?"

आईचा फोन रोज संध्याकाळी यायचा. सोमवारी तो मुलींच्या घोळक्यात आला.

"जेवलीस का?"

"हां काकू. जेवले."



"काकू कोण गं?"

"नंतर करते काकू."

त्या रात्री मी केला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं नाही. फक्त म्हणाली, "लोक असतेल तर उचलू नको. मी समजते." तिला वाटलं, मला तिच्या बोलण्याची लाज वाटते. तेवढंच असतं तर बरं होतं.

बुधवारी विभागप्रमुखांनी बोलावून घेतलं. माझं काम दर्शनी भिंतीवर लागणार होतं. त्याला त्यांनी नाव दिलं होतं, 'मातृवंदना'. उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष येणार, दीपप्रज्वलन झालं की ते आईच्या प्रतिमेला पुष्पहार घालणार.

"सर, हार नको."

"का गं?"

"त्या कामात हार बसत नाही. ते कामाचं चित्र आहे."

"तुझ्या आईचा मान आहे तो. आणि अध्यक्ष स्वतः घालतायत. कुणाच्या नशिबात असतं?"

 अध्यक्षांना मी चांगली ओळखत होते, म्हणजे त्यांच्या चेहऱ्याला. दर वर्षी त्यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आमच्या वर्गाला गृहपाठ म्हणून यायचा आणि तीन वर्षं तो माझ्याकडेच आला. 'तुझा हात त्यात बसलाय,' असं विभागप्रमुख म्हणायचे. मी अध्यक्षांचे केस काळे केले आहेत. हनुवटीखालची घडी काढली आहे. एका वर्षी त्यांना शिवाराकडे बघताना दाखवायचं होतं, तर शिवार मी दुसऱ्या फोटोतून आणून त्यांच्यापुढे ठेवलं होतं. इतकी सेवा मी माझ्या आईच्या चेहऱ्याची केली नाही. तिनंच नको म्हटलं होतं.

मी आईला प्रदर्शनाचं काहीच सांगितलं नाही. पण निमंत्रणपत्रिका मोबाइलवर फिरत फिरत हदगावच्या दुकानात पोचली. फ्लेक्सच्या धंद्यातली माणसं पत्रिका बघतातच, चुका काढायला. मालकानं तिला दाखवलं. तुमच्या पोरीचं नाव आहे, आईवर काहीतरी केलंय. तिनं शनिवारची सुट्टी मागितली.

पत्रिकेवर वेळ सकाळी अकराची होती. हदगावहून पहाटेची गाडी धरून, नांदेडला बदलून, लोहा, अहमदपूर करत लातूरला यायला तिला दीड वाजला. कार्यक्रम वेळेवर झाला असता तर ती रिकाम्या हॉलमध्ये पोचली असती. पण अध्यक्ष अडीच तास उशिरा आले. मोठ्या माणसांच्या उशिरानं गरिबाचं नुकसानच होतं असं नाही. कधी कधी त्याचं खोटंही उघडं पडतं.

हॉलमध्ये समई लावली होती. माझ्या फ्लेक्सखाली पांढऱ्या कापडाचं टेबल, त्यावर उदबत्त्या आणि ताटात शेवंतीच्या पाकळ्या. सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडम आईवर शेर म्हणत होत्या. तीन झाले होते. अध्यक्षांचं भाषण झालं. आई म्हणजे काय ते त्यांनी वीस मिनिटं सांगितलं. मग हार. फ्लेक्स उंच लागलेला, म्हणून स्टूल आणलं. आमच्या शिपायानं, हणमंतमामांनी, स्टूल दोन्ही हातांनी धरलं. विभागप्रमुखांनी अध्यक्षांना कंबरेला आधार दिला. अध्यक्षांनी वर खिळ्याला हार अडकवला आणि त्याच वेळी मला दार दिसलं.

दारात आई उभी होती. हिरवी साडी, हातात पिशवी, पिशवीत धपाटे असणार. चेहऱ्यावर प्रवासाची धूळ.

 ती सरळ आत आली. दारापासून भिंतीपर्यंत मधे खुर्च्या नव्हत्या, त्यामुळे तिला कुणी अडवलं नाही. हणमंतमामांनी तेवढं विचारलं, स्टूल न सोडता.

"कुणाकडं आलाव, मावशी?"

"लेकीकडं. चित्र लागलंय म्हणं तिचं."

मामांनी तिच्याकडे पाहिलं, मग वर भिंतीकडे. स्टूल हललं. अध्यक्ष घाईनं खाली उतरले.

आईनं वर बघितलं. बराच वेळ. माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "रिंगा कुणी ठोकल्यात गं? एक बी सरळ न्हाई."

लातुरात छापून घेतला होता मी.  मग तिचे डोळे हारावर गेले. खाली समईवर. उदबत्त्यांवर. आयुष्यभर असले फ्लेक्स हातातून गेलेली बाई. तिला वाचून दाखवायची गरज नव्हती.

विभागप्रमुख चलाख माणूस. त्या खुर्चीवर उगाच बसलेले नाहीत. त्यांनी चेहरा जुळवला, माझ्याकडे पाहिलं, अध्यक्षांकडे पाहिलं, आणि मोठ्यानं म्हणाले, "मावशी दिसतात हिच्या. सख्ख्या बहिणी, साहेब. तोंडावळा सारखाच असतो."

बोलताना नजर माझ्यावर होती. अर्थ स्पष्ट होता. मान हलव. तू सुटतेस, मी सुटतो, कार्यक्रम पुढे जातो.

मी मान हलवली नाही. पण नाहीही म्हणाले नाही. आईनं माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं. सोमवारच्या फोनवरची काकू तिला तेव्हा कळली असावी. मग तिनं पदर डोक्यावर घेतला.

"व्हय साहेब," ती म्हणाली. "मावशी हाव मी तिची. ती थोरली व्हती."

आवाज जराही हलला नाही.

"बरं झालं आलात," अध्यक्ष म्हणाले. "आता पोरीला तुम्हीच आईच्या जागी."

"व्हय साहेब."

"कष्टाळू होत्या म्हणे."

"लई," आई म्हणाली.

विभागप्रमुखांनी निःश्वास सोडला. मला तो ऐकू आला. सुटकेच्या आनंदात त्यांनी ताट उचललं आणि तिच्यापुढे धरलं. "मावशी, तुम्हीही फुलं वाहा."

आईनं पाकळ्या घेतल्या. डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख तिचं काळं आहे, हातोडी बसून. तो हात जोडून ती स्वतःच्या चेहऱ्यासमोर वाकली. माझ्या पदवीसाठी. फोटोग्राफर पुढे आला आणि म्हणाला, "मावशी, जरा इकडं बघा."

तिथे माझ्यात काहीतरी थांबलं. हसणारा वर्ग, "अच्छा", कंबरेला आधार, वीस मिनिटांची आई, हे सगळं मी गिळलं होतं. हे गिळता आलं नाही. ही मरणाची आज्ञा तिला कुणी दिलेली नव्हती. लेकीचा फायदा आहे एवढं दिसलं आणि ती मरायला तयार झाली, चटकन, हिशेब न करता, जशी ती रोज उठून कामाला जाते. इतकी सवय. इतकी सवय तिला कुणी लावली असेल, आणि शेवटचा हात मी लावला होता.

मी तिचं मनगट धरलं.

"आई, फुलं खाली ठेव."

"मावशी म्हण गं," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली.

"ही माझी आई आहे," मी म्हणाले. माइक मॅडमच्या हातात होता, पण त्याची गरज पडली नाही. "मेलेली नाही. हदगावला असते. फ्लेक्सला रिंगा ठोकते, तिथं लिहिलंय ते. मी परीक्षकांना खोटं सांगितलं."

मागे कुणीतरी सवयीनं टाळी वाजवली आणि मधेच थांबवली.

मी स्टूलवर चढले. मामांनी स्टूल धरलं, अध्यक्षांसाठी धरलं होतं तसंच, दोन्ही हातांनी. हार काढला. खाली उतरून अध्यक्षांपुढे गेले. हार समोर आला की त्यांची मान आपोआप पुढे येते. आलीही. मी तो त्यांच्या हातात दिला.

समई मी विझवली नाही. त्यांनी लावली होती, त्यांनीच विझवावी. उदबत्त्या मात्र काढून बाहेर कुंडीत खोचल्या.

अर्ध्या तासानं विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये मी उभी होते. आई बाहेर बाकावर. टेबलावर टाइप केलेला कागद. 'मी परीक्षकांची व संस्थेची दिशाभूल केली. माझी कलाकृती प्रदर्शनास अयोग्य असून ती मी मागे घेते. माझ्या वर्तनामुळे मा. अध्यक्षांचा अवमान झाला, त्याबद्दल बिनशर्त माफी मागते.'

"पहिल्या वाक्यावर सही करते सर," मी म्हणाले. "ते खरं आहे."

"सही वाक्यावर होत नसते. कागदावर होते."

"मग दुसरा कागद द्या. मी हातानं लिहिते."

ते खुर्चीत मागे रेलले. "हे बघ. खोटं बोललीस त्याचं मला काही नाही. सगळेच बोलतात. पण माणसांत अध्यक्षांना तोंडघशी पाडलंस. तुझ्या आईला कळलं काय करायचं ते. अशिक्षित बाई. ती सांभाळून घेत होती. तू शिकलेली."

"म्हणूनच सर."

"काय म्हणूनच?"

 प्रत्येक वेळी त्यांना समजावून सांगायचं काम माझंच आहे, हे मी त्या मिनिटाला सोडून दिलं.

"अंतर्गत गुण माझ्या हातात आहेत," ते म्हणाले. "सही नाही तर प्रकल्प रद्द. वर्ष गेलं."

मी त्यांच्याच टेबलावरचा कोरा कागद ओढला. लिहिलं: 'माझी आई जिवंत असताना मी ती वारली असं परीक्षकांना सांगितलं. ते खोटं होतं. त्यावर मिळालेले गुण मला नकोत. माझं चित्र खरं आहे, ते मी मागे घेत नाही.' खाली सही, पूर्ण नाव, आडनावासकट. तो त्यांनी वाचला, घडी केली आणि खणात टाकला. माझा निकाल राखून ठेवला गेला. नंतर यादीत माझ्या नावापुढे प्रकल्पाच्या रकान्यात 'अनुपस्थित' आलं. दहा बाय सहाचं काम सबंध लातूरनं पाहिलं होतं, तरी मी तिथे नव्हते.

 स्टँडवर नांदेडची गाडी लागली, खिडकीशी जागा मिळाली, तेव्हा आई बोलली.

"मावशी म्हणली असतीस तर काय झालं असतं?"

"तू मेलेली राहिली असतीस."

"मग? कागदावर मेले असते. तुझं काम तर झालं असतं. चार वर्षं मातीत घातलीस."

"तुला फुलं वाहायला लावली त्यांनी."

"वाहिली असती. मला काय त्याचं." खिडकीतून तिनं पिशवी माझ्या हातात दिली. "राग मला त्याचा न्हाई. तू मला विचारलं न्हाईस त्याचा हाय. मारायच्या आधी बी न्हाई, जिती करायच्या आधी बी न्हाई."

गाडी निघून गेली. ती माझ्यापेक्षा स्पष्ट बोलली होती. मी फलाटावर उभं राहून ते पुन्हा पुन्हा घोळवलं, आणि तिच्या बोलण्यात मला पळवाट सापडली नाही. अजून सापडलेली नाही. तिनं मला माफ केलेलं नाही आणि मी माफी मागायला गेलेले नाही. मागितली तर देईल, आणि तिनं अशी सहज देत राहणंच मला बंद करायचं आहे.

आता मी नांदेडला एका दुकानात डिझाइन करते. वाढदिवस, निवडी, सत्कार. हात बसलेला आहेच. अंतिम प्रकल्पाचा फॉर्म पुन्हा भरला आहे. भरण्याआधी हदगावला जाऊन तिला विचारलं. तुझाच चेहरा, तोच आकार, आणि या वेळी परीक्षकांसमोर तू शेजारी उभी.  दोन आठवड्यांनी मालकाकडून तिनं निरोप पाठवला, फ्लेक्स इथंच छापायचा, रिंगा मी ठोकणार.

विभागप्रमुख तेच आहेत. अध्यक्ष तेच आहेत. ते मला पुन्हा नापास करतील, बहुतेक करतीलच. मी पुन्हा फॉर्म भरेन. त्यांच्याकडे खुर्च्या आहेत, वर्षं माझ्याकडेही आहेत. पदवी मिळेल तेव्हा ती जिवंत बाईच्या नावावर मिळेल. नाहीतर त्यांच्याकडेच राहू दे.